बेडकी डावीकडे ओढते

बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी बेडकीचं पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि चष्मेवाले गाडीखाली अर्धे आत, अर्धे बाहेर असे पडलेले होते. बेडकी म्हणजे बायकोची गाडी. दोनच माणसांची, हिरवी, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी आणि वयाने त्यांच्या मुलापेक्षा सहा वर्षांनी मोठी. पुढचे दोन गोल दिवे डोळे वटारल्यासारखे वर आलेले, म्हणून बेडकी. नाव बायकोनेच ठेवलेलं, पण दुसऱ्या कुणी त्या नावाने हाक मारली की तिला राग यायचा.

बायको इस्पितळात होती ती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. ऑपरेशन छान झालं होतं. आदल्या संध्याकाळी फोनवर ती डॉक्टरांबद्दल कमी आणि गाडीबद्दल जास्त बोलली. "अहो, खालच्या आर्मची रबरं आलीत ना? डावीकडची जुनी काढून नवी घालून ठेवा. नुसती घाला, बाकीचं मी आल्यावर बघते. खुर्ची टाकून बसेन आणि तुमच्या चुका काढेन." चष्मेवाल्यांनी सकाळीच काम काढलं. सव्वाअकराला फोन वाजला. हाताला काळं लागलेलं, म्हणून त्यांनी तो कोपराने चालू केला. इस्पितळातून मुलगा बोलत होता, ऑपरेशनसाठी तो आईजवळ येऊन राहिला होता. रक्ताची गाठ, फुप्फुस, दहा मिनिटांत, असे शब्द आले.

पुढचं त्यांना धड आठवत नाही. दुपारनंतर माणसं यायला लागली, गाडी फाटकातच आडवी होती, म्हणून मुलाने घाईघाईने चाक बसवलं, जॅक सोडला आणि दोन शेजाऱ्यांना घेऊन तिला भिंतीकडे ढकललं. एवढं आठवतं.

दोन महिने बेडकी तिथेच उभी राहिली. चष्मेवाल्यांचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं, अडतीस वर्षांचं. ते आता सकाळचंच उघडायचे. घरात बायकोच्या वस्तूंना तोटा नव्हता. कपडे होते, शाळेत गणित शिकवायची तेव्हाच्या वह्या होत्या, नवरा चष्मेवाला असल्यामुळे चष्मेच अकरा होते. पण त्या सगळ्या जिथे ठेवल्या तिथे राहायच्या. किल्ली फिरवली की निघायची ती एकटी बेडकी. एका सकाळी त्यांनी किल्ली फिरवली.

आता हे सांगायला हवं की तीस वर्षांत चष्मेवाल्यांची जागा डावीकडची होती. गाडी बायको चालवायची आणि दुरुस्तही तीच करायची. यांच्याकडे दोन कामं. उजेडासाठी बॅटरी धरणे, आणि बायको खाली झोपली की वर बसून ती सांगेल तसं स्टिअरिंग हलवणे. "हलवा... थांबा... थांबा म्हटलं ना!" या तीन वाक्यांवर त्यांचं गाडीचं शिक्षण झालेलं.

त्या सकाळी कालव्याच्या सरळ रस्त्याला लागल्यावर बेडकी हळूच डावीकडे निघाली. यांनी उजवीकडे ओढलं. ती आली, पण मनाविरुद्ध आल्यासारखी. हात सैल केला की पुन्हा डावीकडे. वळण घेतलं तर स्टिअरिंग आपण होऊन परत फिरेना, आणि सावकाश वळताना पुढून कुठूनतरी टक् टक् असा आवाज. शेवटी फूलवाल्याच्या दुकानासमोर तिने फुटपाथच्या कडेला चाक घासलंच. चाकावरची चकती सुटली आणि घरंगळत थेट दुकानात शिरली. फूलवाल्याने ती परत आणून दिली आणि म्हणाला, "काका, फुलं आत येऊन मागितली असती तरी दिली असती."

ही गोष्ट दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाला कळायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

"बाबा, गाडी विकायची," तो फोनवर म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? आई जाऊन दोन महिने झालेत. आता तुम्ही त्या डब्यात बसून फुटपाथवर चढणार आणि मी इथे फोनची वाट बघत बसणार?"

"चढलो नाही. घासली."

"बाबा!"

"आणि ओढते ती माझ्यामुळे नाही. तू त्या दिवशी चाक घाईत बसवलंस. तेव्हापासून ओढते."

फोन तुटला की काय म्हणून चष्मेवाल्यांनी कानापासून दूर धरून बघितला. मग मुलगा अगदी हळू म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येतो. कालव्याच्या रस्त्यावर मी स्वतः चालवणार. सरळ गेली तर ठेवा. नाही गेली तर त्याच दिवशी विकायची. शब्द द्या."

दिला. हातात तीन आठवडे होते.

आधी ते गाडी अलाइनमेंटवाल्याकडे घेऊन गेले. तिथे भिंतीवर मोठा पडदा होता. त्याने चारही चाकांना चिमटे लावले, पुढच्या दांड्यांवर इकडे दोन आटे, तिकडे दोन आटे फिरवले आणि पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे करून दाखवले. "घ्या काका, एकदम सरळ." चष्मेवाल्यांनी गाडी रस्त्यावर काढली. चौकापर्यंत ती डावीकडे आली. ते परत आले.

"मशीनमध्ये हिरवं आहे," अलाइनमेंटवाला म्हणाला.

"मशीनला रस्त्यावर जायचं नाहीये, मला जायचंय."

त्याने गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "मग काका, पुढचं सगळंच बदला. रॅक, आर्म, जॉइंट, शॉकअप, सगळं. नाही तर सोडून द्या. वय झालंय."

कुणाचं ते त्याने सांगितलं नाही. चष्मेवाले गाडी घरी घेऊन आले.

पण रागाच्या भरात एक गोष्ट त्यांना सुचली. त्यांच्या दुकानात माणूस यायचा आणि म्हणायचा, धुरकट दिसतं. मग काय ते सगळी भिंगं एकदम बदलायचे? एक डोळा झाकायचा, एक भिंग घालायचं आणि विचारायचं, आता बरं की आधी बरं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशाने फरक पडला ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. हे काम ते अडतीस वर्षं करत होते. पेशंट तेवढा वेगळा होता.

पहिली तपासली ती हवा. चारही चाकांत सारखी होती. मग पुढची दोन्ही चाकं आपापसांत बदलली. टायरमध्ये खोट असती तर गाडी उजवीकडे ओढायला लागली असती. डावीकडेच ओढली. मग दोन मैल चालवून आणून दोन्ही चाकांना हात लावून बघितला. ब्रेक धरत असता तर एक चाक तापलं असतं. दोन्ही गारच. तीन गोष्टी गेल्या. एक आठवडाही गेला.

पुढच्या तपासाला दुसरं माणूस लागणार होतं. ते माणूस रोज दुपारी तीन वाजता आपल्या पायांनीच यायचं. बायकोची मोठी बहीण. चष्मेवाले तिला ताई म्हणायचे. सत्तरीची, अंगाने भरभक्कम, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. मेहुणा जेवला की नाही हे बघायला यायची आणि जेवला असला तरी ओरडायची.

"ताई, स्टिअरिंगवर बसता का?"

"मी? बसेन हो. उठायचं काय?"

"उठवू आपण."

"कोण आपण? तुमच्यात माझी पर्स उचलायची ताकद नाही." असं म्हणत ती आधी पाठमोरी टेकली, मग एकेक पाय आत घेतला आणि पंधरा मिनिटांनी म्हणाली, "हं. बसले. आता मला इथेच डबा आणून द्या."

चष्मेवाल्यांनी पुढची बाजू जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली. दोन्ही चाकं अधांतरी. चाक वर-खाली धरून हलवून बघितलं. मग दोन्ही बाजूंना धरून हलवलं. उजवं गच्च. डाव्यात किंचित काहीतरी सुटं. ते खाली गेले, बॅटरी छातीवर टेकवली आणि टायरॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या, टोकाच्या गोळ्यावर बोट ठेवलं.

"हलवा."

"किती?"

"थोडंसंच. डावीकडे, उजवीकडे. थांबा... थांबा म्हटलं ना!"

मग ताई म्हणाली, "तुम्ही अगदी तिच्यासारखे ओरडलात."

चष्मेवाल्यांनी बोट पुन्हा गोळ्यावर ठेवलं. मग म्हणाले, "हलवा."

बोटाखाली टक् लागलं. दांडी आधी हलत होती, गोळा मागाहून. ती झीज त्यांना डोळ्यांनी दिसली नसती, पण चष्म्याची बिजागरी ढिली झाली की बोटाला असंच कळतं. टोक नवं मागवलं, चार दिवसांनी आलं. जुनं काढताना त्याचे आटे मोजून ठेवले आणि नवं तेवढेच आटे फिरवून बसवलं. टकटक गेली. त्या आनंदात ते कालव्याच्या रस्त्यावर गेले. बेडकी आवाज न करता डावीकडे ओढत होती.

हातात पाच दिवस उरले. चष्मेवाले जेवताना गप्प असायचे, आणि जेवण टाकलं की ताई गप्प राहत नसे.

"एवढं काय त्या गाडीत? गेली तर गेली. ती असती तर तीच म्हणाली असती, जाऊ द्या."

"ती? तिने म्हटलं असतं?"

ताईने विचार केला. "नाही. तिने तुम्हाला विकलं असतं." आणि हातातला रुमाल डोळ्यांना लावून म्हणाली, "चला, मला एक चक्कर मारून आणा. बघू तरी कशी ओढते."

ती डावीकडच्या जागेवर बसली. म्हणजे आधीसारखीच टेकली, वळली, एकेक पाय आत घेतला. चष्मेवाले दार धरून उभे होते. दार लावलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळेना.

"काय बघताय?"

"ताई, एकदा उतरता का?"

"डोकं फिरलंय का तुमचं? आत्ता बसले!"

"उतरा, आणि पुन्हा बसा."

तिने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण उतरली. पुन्हा बसली. चष्मेवाले उकिडवे बसून डाव्या चाकाकडे बघत होते. आता कळलं. ताई बसली की बेडकी डावीकडे चांगली चार बोटं झुकायची. ही जुनी गंमत होती. बायको म्हणायची, ताई आली की माझी गाडी वाकून नमस्कार करते. आणि आज ताई आत बसूनही गाडी ताठच्या ताठ.

"ताई, तुम्ही बारीक झालात का?"

"झाले असते तर तुम्हाला सांगायला आधी आले असते."

दुकानात डोळ्यांतलं अंतर मोजायची छोटी पट्टी असते. ती त्यांच्या खिशात कायम असायची. ती लहान पडली म्हणून घरातून मोठी आणली आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजलं. उजवीकडे एक आकडा आला. डावीकडे, ताईसकट, त्याहून दोन बोटं जास्त. अलाइनमेंटवाल्याने आकडे हिरवे केले होते ते असल्या एका पायाच्या चवड्यावर उभ्या असलेल्या गाडीचे. चालताना चाक वर-खाली झालं की डावं वेगळं वळायचं, उजवं वेगळं. ओढणार नाही तर काय करेल?

पण डावी बाजू खाली का बसत नाही? स्प्रिंग काही दोन महिन्यांत तरुण होत नाही.

चारही चाकं त्यांनी फळ्यांच्या थप्प्यांवर चढवली, मागच्या चाकांना ठोकळे लावले आणि खाली शिरले. गाडी आता आपल्या पायांवर उभी होती, फक्त उंचावर. ताई खुर्ची टाकून शेजारी बसली आणि वरून बॅटरी मारायला लागली. नको तिथे.

"उजवीकडे मारा. हं, तिथे."

उजव्या बाजूचा खालचा आर्म, म्हणजे चाक धरणारा लोखंडी हात, जिथे गाडीला जोडलेला होता तिथे दोन बोल्ट होते. दोन्हींवर फिकट गुलाबी ठिपका.

"गुलाबी ठिपके आहेत," चष्मेवाले खालून म्हणाले.

"माझं नेलपॉलिश," ताई म्हणाली. "बाटलीच्या बाटली नेली तिने. बोल्ट शेवटचा आवळला की त्यावर ठिपका द्यायची. ठिपका म्हणजे काम झालं. ठिपका दिल्याशिवाय उठायची नाही. तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होतं. बॅटरी यांनीच तर धरलेली असायची. बायकोची रीतच होती. आर्मची रबरं घातली की गाडी वर टांगलेली असेपर्यंत बोल्ट नुसते बोटांनी लावायचे. मग चाकं बसवायची, गाडी खाली उतरवायची, पुढून चार वेळा दाबून हलवायची, तिला नीट उभी राहू द्यायची, आणि मगच पाना लावायचा. लोंबकळत्या आर्मवर बोल्ट आवळला तर रबर त्याच स्थितीत चिमटलं जातं. मग गाडी खाली आली तरी ते आर्मला सतत खालच्या अंगाला ढकलत राहतं, गाडीला बसू देत नाही. म्हणून ठिपका गाडी जमिनीवर असतानाच दिला जायचा.

"आता डावीकडे मारा."

डावीकडच्या बोल्टांवर ठिपका नव्हता. तो नसणारच, शेवटचं आवळायला बायको आलीच नव्हती. चष्मेवाल्यांनी पहिल्या बोल्टला पाना लावला. तो हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. हलेना. दुसराही तसाच, गच्च.

मुलाने त्या दिवशी चाक बसवलं होतं. चाकाच्या चार नटांपलीकडे त्याने कशाला हात लावला नव्हता. गाडीखाली तो गेलाच नव्हता, बाहेरच्याच कपड्यांत सरळ इस्पितळातून आला होता. मग हे कुणी आवळले?

त्यांना आपलं उजवं मनगट आठवलं. ते त्या दिवसापासून तीन आठवडे दुखत होतं. भिंग घासताना कळ यायची. माणसांनी हातात हात घेऊन दाबल्यामुळे असेल, असं ते धरून चालले होते. आता बाकीचंही आठवलं. फोन बंद झाल्यावर ते घरात गेले नव्हते. कुणाला हाक मारली नव्हती. ते पुन्हा गाडीखाली शिरले होते, चाक नव्हतं, आर्म लोंबकळत होता, आणि हातात पाना होता. पहिला बोल्ट आवळला. मग दुसरा. पाना फिरायचा थांबला तरी ते आवळत राहिले होते.

"काय हो? झोपलात का खाली?" ताईने विचारलं.

"ताई, हे मीच केलंय."

"काय केलंत?"

त्यांनी सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. ताईने बॅटरी बंद केली. दिवसाचीच वेळ होती, तिची तशीही गरज नव्हती.

"पोरावर घातलंत ना तुम्ही ते?" ती म्हणाली.

"हो."

"मग त्याला सांगायला हवं."

"सांगतो."

"फोन आणू?"

"फोनवर नको. तोंडावर सांगेन."

"बरं. आता ते सोडवणार आहात की तिथेच राहायला जाणार?"

पान्यात लोखंडी नळी घातली तेव्हा कुठे बोल्ट करकरले आणि सुटले. दुसरा सुटला त्या क्षणी बेडकीच्या डाव्या बाजूने कुंथल्यासारखा आवाज काढला आणि ती खाली बसली. ताई खुर्चीवरून उठून उभी राहिली. रबराला एका बाजूने बारीक चीर गेली होती, पण फाटलं नव्हतं.

"आता आत बसा," चष्मेवाले म्हणाले.

"मी काय पोतं आहे?"

"वजन लागतं. चालवणारा आणि शेजारचा दोघं बसल्यावर गाडी जशी उभी राहील तशी ती आवळताना उभी हवी."

"म्हणजे दोघांचं वजन मी एकटी?"

"मी काही म्हटलं का?"

ती बसली. यावेळी बेडकीने नमस्कार केला. चष्मेवाल्यांनी बोल्ट आवळले, हाताला पुरे वाटेपर्यंत, त्यापुढे नाही. ताईच्या पर्समध्ये नेलपॉलिश होतंच. फक्त आता तिने नारिंगी धरलं होतं. दोन नारिंगी ठिपके पडले.

अलाइनमेंट पुन्हा करावं लागणार होतं, कारण आधीचं वाकड्या गाडीवर केलेलं. मशीनवाल्याकडे जायची त्यांची इच्छा नव्हती. फक्त वरच्या अंगाला अर्धी फ्रेम असलेल्या चष्म्याचं भिंग एका नायलॉनच्या बारीक दोऱ्याने धरलेलं असतं. त्या दोऱ्याचं रीळ त्यांनी दुकानातून आणलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, खुर्च्यांना बांधून दोन दोरे ताणले. चार जेवणाच्या खुर्च्या अंगणात गेल्या आणि शनिवारचं जेवण दोघांनी उभ्याने केलं. दोऱ्यापासून चाकाच्या पुढच्या कडेचं अंतर, मागच्या कडेचं अंतर, दांडीचा अर्धा आटा, पुन्हा अंतर. बायको हे दुपारभरात करायची. यांना दीड दिवस लागला.

रविवारी मुलगा आला. उंच माणूस, बेडकीत बसताना त्याला गुडघे कानाशी घ्यावे लागायचे. त्याने चहा नको म्हटलं. "आधी ते करून टाकू, बाबा."

"मावशीला नाही विचारलंस, कशी आहेस?" ताई दारातून म्हणाली.

"मावशी, तू कशी आहेस?"

"मी पोतं आहे. जा."

मुलगा स्टिअरिंगवर बसला. चष्मेवाले आपल्या डावीकडच्या जागेवर. मुलाने किल्लीला हात घातला तसा त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"आधी ऐक. सरळ गेली तरी ऐक आणि नाही गेली तरी. चाक तू नीटच बसवलं होतंस. चूक माझी होती. फोन आल्यावर मी खालचे बोल्ट आवळून ठेवले, टांगल्या गाडीवर. आवळायचे नसतात. मला आठवतच नव्हतं. तुझ्यावर घातलं ते चुकलं माझं."

मुलगा समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

"चार नट होते," शेवटी तो म्हणाला. "मी आवळले का चारही, ते मला सांगता येत नव्हतं. दोन महिने रोज मनात ते चाक बसवतोय. तीन आठवतात. चौथा आठवत नाही. तुम्ही म्हणालात माझ्यामुळे ओढते, तेव्हा वाटलं, आई गेलीच, आता बाबाही आपल्याच हातून..." त्याने नाक पुसलं. "म्हणून विका म्हणत होतो. बघवत नव्हती मला ती."

"चारही गच्च होते. चाकं आपापसांत बदलताना मी स्वतः सोडवले."

"नक्की?"

"चौथ्याला तर लाथ मारावी लागली."

मुलगा हसला. ते हसणं फार वेळ टिकलं नाही, पण त्याने किल्ली फिरवली.

कालव्याच्या रस्त्यावर रविवारची गर्दी नव्हती. फूलवाला दुकानाबाहेर पाणी मारत होता. बेडकी दिसताच बादली घेऊन एक पायरी वर चढला. दुकान मागे पडलं तेव्हा मुलाने स्टिअरिंगवरचे हात सैल केले. मग दोन बोटं ठेवली. मग तीही काढून तळहात गुडघ्यांवर घेतले, म्हणजे कानाशीच. रस्त्याची मधली पांढरी रेघ गाडीच्या उजव्या दिव्याशेजारून चालली होती आणि तिथेच राहिली. एक खांब गेला, दुसरा, तिसरा. मुलाने वळणाशी स्टिअरिंग धरलं, वळवलं आणि सोडलं. ते आपण होऊन परत फिरलं.

पुलाशी त्याने गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि पाय बाहेर काढता काढता म्हणाला, "ठेवा."

"नक्की?"

"ठेवा म्हणतोय ना. आणि परत तुम्ही चालवा. माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

येताना चष्मेवाल्यांनी चालवली, मुलगा डावीकडे. फूलवाला पुन्हा पायरी चढला. घरी ताईने विचारलं, तर मुलगा म्हणाला, "मावशी, सरळ जाते." ताई म्हणाली, "जाणारच. मी बसले होते," आणि चहा टाकायला आत गेली. मुलगा तीन दिवस राहिला. त्याने रोज गाडी काढली.

चिरलेलं रबर या महिन्यात बदलायचं आहे. शिवाय उजवीकडे वळताना मागच्या बाजूने एक बारीक किरकिर येते. ताई म्हणते सीटची, मुलगा म्हणतो स्प्रिंगची. चष्मेवाल्यांनी अजून खाली शिरून बघितलेलं नाही.